थोरलीच्या नावाची मूठ

त्या संध्याकाळी सावली गावच्या विडी कारखान्यात टोपलंभर विड्यांची छाट निघाली, म्हणजे माल नापास झाला. तिचा दोष पानाला देता येत नव्हता, तंबाखूला देता येत नव्हता, आणि वळणाऱ्या बायांना तर मुळीच नाही. दोष सगळा बायांना पुस्तक वाचून दाखवणाऱ्या गुणवंतचा होता. माल द्यायच्या दिवशी थंड काहीतरी वाचावं, पंचांगातलं वर्षफल वाचावं, नाहीतर वर्तमानपत्रातल्या केशवर्धक तेलाच्या जाहिराती वाचाव्यात, एवढी अक्कल चांद्याला दहावीपर्यंत शिकून आलेल्या माणसाला असायला हवी होती. त्यानं नेमकं ‘बंद मजल्यावरचा दिवा’ या कादंबरीतलं ते प्रकरण काढलं, ज्यात धाकटी सून हातात समई घेऊन गढीचा जिना चढते, वरच्या मजल्याच्या कुलूपबंद दाराला कान लावते, आणि आतून कोणीतरी बांगड्या वाजवतं.

आत बांगड्या वाजल्या आणि इकडं ओळीनं बसलेल्या बायांचे हात आपल्याच मर्जीनं चालू लागले. डोळे सगळे गुणवंतच्या तोंडाकडं. कोणी पानात तंबाखू घालायचीच विसरली आणि नुसतं पान गुंडाळून दोरा बांधून मोकळी झाली. चंदा नावाची पोरगी, जिची जीभ कारखान्यात सगळ्यांत वेगानं चालायची, तिनं तंबाखूऐवजी पानाचं कातरण भरलं. बाकीच्यांनी इतकं सैल वळलं, की विडी उभी धरली की तंबाखू पदरात.

माल तपासून घ्यायचं काम इनायतभाईंचं. तेच मुनीम, तेच हिशेब बघणार, आणि महिन्यातून एकदा नागपूरला जाऊन दोरा, लेबलं आणि विड्यांचे कट्टे, म्हणजे जुड्या, बांधायला रद्दी आणणार तेच. त्यांनी एक विडी चिमटीत दाबली. ती बसली. दुसरी दाबली. तीही बसली.

"ये काय आहे, बायांनो? विडी आहे का पिपाणी? पिणारा आदमी पैसे देऊन हवा ओढेल?"

शेवटी चंदाच म्हणाली, "इनायतभाई, बांगड्या वाजल्या ना वरच्या माडीवर."

"कोणत्या माडीवर?"

"गढीच्या."

इनायतभाईंनी गुणवंतकडं पाहिलं, त्याच्या हातातल्या पुस्तकाकडं पाहिलं, आणि छाटीचं टोपलं पायानं बाजूला सारलं. "कल से किताब बंद."

यातली गंमत अशी, की ते पुस्तक त्यांनीच आणलं होतं. नागपूरच्या रद्दीच्या गठ्ठ्यातून ते निघालं, तेव्हा त्याची पानं फाडून कट्टे गुंडाळायचे, एवढाच त्यांचा बेत होता. गुणवंतनं पहिलं पान वाचलं आणि ते वाचवलं. आता त्याला वाटत होतं, कट्टे गुंडाळले असते तर बरं झालं असतं.

कारखान्यात वाचणाऱ्याची एक रीत होती. ती कोणी घातली, कोणाला ठाऊक नव्हतं. भिंतीशी पालथ्या खोक्यावर बसून एकानं वाचायचं. त्याच्यापुढं एक रिकामं सूप ठेवायचं. वाचणं संपलं की प्रत्येक बाई आपल्या मांडीवरच्या सुपातून मूठभर विड्या उचलून त्याच्या सुपात टाकणार, आणि तेवढ्या विड्या त्यानंच वळल्या असं धरून त्याची मजुरी निघणार. ही रीत गुणवंतसाठीच कोणी घालून ठेवल्यासारखी होती, कारण त्याला विडी वळता येत नव्हती. शिकायचा प्रयत्न त्यानं केला होता. त्याची विडी दोन्ही टोकांना बारीक आणि मधे फुगलेली व्हायची. चंदानं ती एकदा कारखानाभर फिरवली होती. "पाहा वं, मास्तरच्या विडीले सातवा महिना लागला!" त्या दिवसापासून गुणवंतनं पानाला हात लावला नाही.

तेव्हा पुस्तक बंद म्हणजे सूप रिकामं, आणि सूप रिकामं म्हणजे माजरीच्या कोळसाखाणीत मामाकडं जाणं आलं. मामा कधीपासून निरोपावर निरोप धाडत होता. गुणवंतकडं दोन पांढरे सदरे होते. त्या दोघांचाही विचार त्याच्या मनात येऊन गेला.

सगळ्या बाया माना खाली घालून बसल्या होत्या, पण एकीच्या सुपात छाट नव्हती. ती भागीरथाबाई. तिच्या कट्ट्यांना इनायतभाई हातही लावत नसत. नुसते मोजून घेत. बांगड्या तिनंही ऐकल्या होत्या, सगळ्यांपेक्षा जास्त ऐकल्या होत्या, पण तिच्या उजव्या अंगठ्याचं नख ठरलेल्या जागी पडतच होतं आणि विडीचं तोंड मुडपून बंद करतच होतं.

भागीरथाबाईची ओळख करून द्यायची, तर चामोर्शीच्या आठवडी बाजारातली एक गोष्ट सांगावी लागते. तिथं एक गारुडी यायचा. एका टोपलीत नाग, एका पिंजऱ्यात मुंगूस. आता लढाई लावतो, मग लावतो, असं म्हणत तो दुपारभर बोलायचा आणि बोलता बोलता ताईत विकायचा. लोक कंटाळून निघून जायचे, लढाई कोणी पाहिलेली नव्हती. भागीरथाबाई तिथं बसली ती बसलीच. बाजार मोडला, गारुड्यानं गाठोडं बांधलं, तेव्हा हिनं उठून त्याच्या टोपलीवर पाय ठेवला.

"लढाई दाखव, मंग जाय."

गारुड्यानं हात जोडले, पोटापाण्याचं सांगितलं, एक ताईत फुकट देऊ केला. पाय हलला नाही. शेवटी त्यानं दोन्ही जनावरं सोडली. मुंगूस नागाजवळ गेलं, हुंगलं, आणि त्याच्या वेटोळ्याला टेकून डोळे मिटून बसलं. म्हातारी झालेली दोघंही, वर्षानुवर्षं शेजारी राहिलेली. पाहणारे हसून लोळले. भागीरथाबाई हसली नाही. तिनं नीट पाहून घेतलं, म्हणाली, "ठीक हाय, दाखवलं तं," आणि पदरातले मूठभर तांदूळ त्याच्या गाठोड्यावर ठेवून निघून आली.

घरी तिचा नवरा रामाजी. पूर्वी तो आलापल्लीच्या जंगलात सागवान तोडायला जायचा. एका ओंडक्यानं त्याचा पाय कायमचा अधू केला, तेव्हापासून तो चूल सांभाळायचा आणि ही विड्या वळायची. शेजारणींनी यावरून तोंड वाकडं केलं, तर ही अंगणातून ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची, "माह्या घरी मानूस भात रांधते. तुमच्या घरी मानूस काय करते, सांगा ना!"

तर पुस्तक बंद झालं त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, गुणवंत तिच्या घरी गेला. रामाजी चुलीपुढं होता, भागीरथाबाई उद्याची पानं ओल्या फडक्यात गुंडाळत होती.

"बाई, मी माजरीले चाललो."

"बस गा. उभा काऊन? पुस्तक किती राह्यलं?"

"अर्ध्याच्या वर झालं."

"मंग अर्धं सोडून जाशीन?"

गुणवंतनं इनायतभाईंचं नाव घेतलं. तिनं ते ऐकलंच नाही असं केलं.

"मले भूत-बीत नाई पाहिजे," ती म्हणाली. "गढी कोनाच्या वाट्याले येते, सोन्याचा हंडा कुठी गाडला हाय, थेबी नाई पाहिजे. थोरली सून कुठी गेली, येवढंच पाहिजे मले."

कादंबरीत खरोखरच असं होतं. गढीची थोरली सून एका अमावास्येला नाहीशी झालेली असते. तेव्हापासून वरचा मजला बंद, आणि बंद मजल्यावर रोज दिवा. तिचं नाव घरात कोणी घेत नाही. पहिल्याच पानावर लेखकानं मोठ्या दिमाखानं विचारलं होतं, ‘कोठे गेल्या थोरल्या सूनबाई?’ पण त्या प्रश्नावर भागीरथाबाईनं एवढा जीव का टाकावा, हे गुणवंतला कळेना. ते तिनंच सांगितलं. पानं गुंडाळता गुंडाळता, भाजीला मीठ किती टाकायचं हे सांगावं तशा आवाजात.

"माही बहीन व्हती, बुधरी. माह्याहून मोठी. नदीपल्याड, चामोर्शीच्या अंगाले देल्ली व्हती, मालगुजाराच्या घरी, त्याच्या चुलतभावाच्या पोराले. एक दिवस सांगावा आला, पान्याले गेली ते वापस नाई आली. काठावर घागर सापडली. मानूस नाई सापडलं. माहा बाप गेला इचाराले. त्याईनं त्याले जेवू घातलं, हातात एक लुगडं देल्लं, म्हनले, बुडाली असन नाईतं पळाली असन, आमाले काय मालूम. बाप लुगडं घेऊन आला. मंग तिचं नाव आमच्या घरी बंद झालं."

"लुगड्याचं काय झालं?" गुणवंतनं विचारलं.

"माय नेसली. नवं व्हतं."

रामाजीनं भाताखालचं लाकूड मागं ओढलं.

"आता हे पुस्तक आलं. छापेल हाय," भागीरथाबाई म्हणाली. "लिहनारा शिकेल मानूस. अशा बाया कुठी जातेत, त्याले मालूम असन ना?"

पुस्तकातलं सगळं रचलेलं असतं, हे सांगायला गुणवंतनं तोंड उघडलं आणि मिटलं. दहावीपर्यंतच्या शिक्षणाचा त्याला झालेला हा पहिला उपयोग.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागीरथाबाई आपलं सूप घेऊन थेट इनायतभाईंच्या गादीपुढं उभी राहिली.

"पुस्तक वाचू द्या. सरेपावतर जेवढी छाट निघन, कोनाचीबी निघन, तेवढ्या विड्या माह्या सुपातून काढून घ्या."

"बाई, दिमाग फिरला का? सगळ्या कारखान्याची छाट तुम्ही भरणार?"

"भरतो. तुमी निस्ते वाचू द्या."

इनायतभाईंनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. वीस वर्षांत तिची एक विडी त्यांना परत टाकता आली नव्हती, आणि तीच बाई आज दुसऱ्यांच्या हातांचा जिम्मा घ्यायला उभी होती. ते म्हणाले, "पढो. लेकिन आवाज कमी." आवाज कमी का, हे पुढं कळलं. त्यांची गादी फळ्यांच्या आडभिंतीमागं होती, आणि मोठ्या आवाजात वाचलं की पलीकडं राहणाऱ्या कारखान्याच्या मालकांना कळायचं. कमी आवाजात वाचलं की मालकांना कळत नसे, आणि इनायतभाईंना स्वतःला उठून भिंतीला कान लावता यायचा.

त्या दिवसापासून कारखान्यात कोणी सैल विडी वळली नाही. भीतीपोटी नव्हे. शेजारणीचा हात जरा ढिला दिसला की चंदा कोपर मारायची, "ए, बाईच्या सुपातून जाईन वं!" गढीत किंकाळ्या उठल्या, तळघरात कवटी सापडली, म्हाताऱ्या आत्याबाईंच्या दुधात कोणी काहीतरी कालवलं, पण सावलीच्या बायांची बोटं हलली नाहीत. म्हणजे हलली, पण नीट हलली. गेल्याच दिवाळीच्या सुमारास आपला जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. त्याची चर्चा कारखान्यात अर्धा दिवस टिकली. बंद मजल्यावर दिवा कोण लावतं, याची चर्चा होळीपर्यंत चालली. चंदाच्या मते थोरली मेली होती आणि तिचा आत्मा दिवा लावत होता. दुसऱ्या काहींच्या मते सासू. इनायतभाई आडभिंतीमागून एकदा विसरून ओरडले, "अरे वो छोटा देवर!" आणि मग खोकत राहिले.

आणि खरं सांगायचं, तर पुस्तक होतंच तसं. लिहिणाऱ्याचा हात बसलेला होता. जिना कुरकुरला की अंगावर काटा यायचा. आत्याबाई नुसती सुपारी कातरायची तरी संशय यायचा. इतकं चांगलं पुस्तक गुणवंतनं पूर्वी वाचलं नव्हतं. वाचण्याआधी तो कधी पुढचं पान बघत नसे. बघितलं की आवाजातली भीती जाते, हे त्याला अनुभवानं कळलं होतं. पण शेवटची थोडी पानं उरली, तेव्हा बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी त्याला राहवलं नाही. तलावाच्या पाळीवर बसून त्यानं ती वाचून काढली.

वाचून झाल्यावर तो बराच वेळ पाण्याकडं बघत बसला. मग ती पानं पुन्हा वाचली, वाटलं चुकून दोन-चार पानं उलटली असतील. नव्हती उलटली. फाटलीही नव्हती. नागपूरच्या रद्दीवाल्यानं नेमकी तेवढी पानं शाबूत ठेवली होती.

आता करायचं काय? भागीरथाबाईनं आपल्या वीस वर्षांच्या हाताची पत ज्या शेवटावर लावली, तो शेवट असा. गुणवंतनं ठरवलं, शेवट आपणच करायचा. त्यात परोपकार किती आणि सुपाची काळजी किती, हे त्यानं तपासलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुस्तक उघडून समोर धरलं आणि सुरू केलं.

"रात्रीचा तिसरा प्रहर उलटला होता. गढीवर स्मशानशांतता पसरली होती. इतक्यात बंद मजल्याचे दार आपोआप उघडले! उंबरठ्यावर थोरल्या सूनबाई उभ्या होत्या. त्यांचे केस मोकळे होते, नेत्र आरक्त झाले होते."

"जिती हाय!" चंदा किंचाळली.

गुणवंतला जोर चढला. "धाकट्या दिराचे पाय लटपटू लागले. सूनबाई एक एक पायरी उतरत खाली आल्या. त्यांनी दिराची मानगूट धरली आणि म्हणाल्या, काऊन बे! मले मेली समजला का? माह्या घरात माह्याच लेकराचा हक्क मारून राह्यला तू? थांब, दाखवतो तुले!"

बाया अशा ओरडल्या की आडभिंतीमागं काहीतरी पडलं. एकीनं तर सुपातली मूठ उचलून आधीच गुणवंतच्या सुपात टाकली. फक्त एका अंगठ्याचं नख थांबलं होतं.

"गुणवंता," भागीरथाबाई म्हणाली. "हे पुस्तकातलं नाई."

"काऊन, बाई?"

"पुस्तकातली मानसं ‘हर हर! घात झाला!’ म्हनतेत. तुही थोरली सावलीच्या बाजारातली दिसून राह्यली."

कारखाना हसला. गुणवंतनं पुस्तक मांडीवर टेकवलं.

"बाई, खरं वाईट आहे," तो हळूच म्हणाला.

"असन. लढाई नाई झाली तं नाई झाली. टोपली उघड. जसं हाय तसं वाच."

मग त्यानं जसं होतं तसं वाचलं. शेवटून चौथ्या पानावर रंगूनहून एक चुलतभाऊ येतो. सगळ्या पुस्तकात ज्याचं नावही आलेलं नाही असा. दाढीवाला. आल्या आल्या गुडघे टेकून कबूल करतो, की बंद मजल्यावर सोन्याचा हंडा शोधत तोच होता. दिवा तो लावायचा, किंकाळ्या त्याच्या, कवटी त्याचीच, म्हणजे त्यानं आणलेली. बांगड्यासुद्धा तोच वाजवायचा, एवढा दाढीवाला पुरुष. सगळे त्याला क्षमा करतात. धाकटीला मुलगा होतो. आणि अगदी शेवटी, आठवण झाल्यासारखं, लेखकानं लिहिलं होतं: ‘थोरल्या सूनबाईंविषयी म्हणावे, तर त्या बऱ्याच वर्षांपूर्वी पटकीने निवर्तल्या होत्या, ही गोष्ट गढीतील मंडळी विसरूनच गेली होती.’

"येवढंच?" भागीरथाबाईनं विचारलं.

"येवढंच."

"पुन्हा वाच."

त्यानं पुन्हा वाचलं. वाक्य काही लांबलं नाही.

मग भडका उडाला. "हा कोन मेला रंगूनवाला?" चंदा उठून उभीच राहिली. "आमी इतके दिवस आत्याबाईले शिव्या देल्ल्या, फुकट?" आणि आडभिंतीमागून इनायतभाई बाहेर आले, चष्मा कपाळावर, लपण्याचा विचार पूर्ण सोडलेले. "धत् तेरी! पूरी किताब में उसका नाम नहीं! एक बार तरी नाव घेऊन ठेवायचं ना! ही छाट आहे. पूरी किताब छाट!"

"पुरी नाई, इनायतभाई," भागीरथाबाई म्हणाली. "वळली चांगली व्हती. तोंड नाई मुडपलं. सगळी तंबाखू सांडली शेवटी."

एवढं बोलून ती पुन्हा वळायला लागली.

संध्याकाळी माल तपासताना बाकी सगळ्या बायांची एकही विडी सैल निघाली नाही. इनायतभाईंनी भागीरथाबाईचे कट्टे नेहमीसारखे नुसते मोजायला घेतले, आणि बोटांना काहीतरी लागलं म्हणून एक दाबून पाहिला. विड्या बसल्या. त्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती दाराबाहेर बघत होती. त्यांनी तो कट्टा मालात टाकला नाही, छाटीतही टाकला नाही, आपल्या कोटाच्या खिशात घातला. "ये मी पिऊन टाकीन," ते पुटपुटले, आणि हिशेबात पूर्ण आकडा लिहिला.

बाया गुणवंतच्या सुपात आपापली मूठ टाकून गेल्या. काहींनी रागानं टाकली, पण टाकली. भागीरथाबाई सगळ्यांत शेवटी आली. एक मूठ त्याच्या सुपात टाकली. "हे तुही. खरं वाचलं म्हनून." मग दुसरी मूठ घेतली, विड्या एकेक दाबून पाहिल्या, दोऱ्यानं बांधल्या आणि खोक्यामागच्या कोनाड्यात ठेवल्या. "हे थोरलीच्या नावाची. तिचं काय झालं, जो सांगन, त्याची."

"लिहिणारा कुठी भेटनार, बाई?"

"त्यालेच देईन, असं कोन म्हनलं?"

गुणवंतला त्या वेळी याचा अर्थ लागला नाही. लागला तो ज्येष्ठात, जेव्हा चामोर्शीच्या बाजाराच्या दिवशी ती पहाटेच त्याच्या दारात येऊन उभी राहिली. पदराला ती मूठ बांधलेली. "चाल. नदीपल्याड जाऊ." कशाला, हे विचारायची गरज नव्हती. मालगुजारी, ती गावावरची जमीनदारी, सरकारनं केव्हाच काढून घेतली होती, बापही वारला होता, आणि त्या घराला भिऊन राहण्याचं तसं काही कारण उरलं नव्हतं. पण कारण उरलं नाही म्हणून भीती जात नाही, हे गुणवंतला डोंग्यात बसल्यावर तिच्या हाताकडं बघून कळलं. तिचा अंगठा हवेतच विडीचं तोंड मुडपत होता.

मालगुजाराचं कौलारू मोठं घर, अंगणात धानाचं तणस, पेंढ्याचे ढीग. भागीरथाबाई अंगणाच्या मधोमध बसली. घरधनी बाहेर आला, तरणाच होता.

"काय पाहिजे, बाई?"

"बुधरी कुठी गेली थे सांगा."

"कोन बुधरी?"

त्यानं खोटं विचारलं नव्हतं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. गुणवंतला पुस्तकातलं ते शेवटचं वाक्य आठवलं आणि त्यानं मान फिरवली. भागीरथाबाई मात्र बसली ती बसली. ऊन डोक्यावर आलं. घरातून पाणी आलं, ते तिनं घेतलं. जेवायला बोलावलं, तेव्हा हात जोडले. "माहा बाप जेवला व्हता इथी. जेवून त्याले काई समजलं नाई."

दुपार कलली तेव्हा मागच्या पडवीतून एक म्हातारी काठी टेकत आली. इतवारी तिचं नाव, जन्मभर त्या घरचं दळण-कांडण केलेली. ती भागीरथाबाईसमोर वाकली, तोंड निरखलं.

"बुधरीची लहानी का वं? नाक तसंच हाय."

"कुठी गेली थे?"

"नदीत नाई गेली. तुमच्या बापाले सांगाचं व्हतं, पन मले कोन पुसलं? मार खाऊन खाऊन कटाळली व्हती पोरगी. सिरोंच्याकडं जानाऱ्या गाड्या व्हत्या, त्यात बसली. तेलंगी बाया व्हत्या संग. घागर काठावर म्याच ठेवली, तिनं सांगतलं म्हनून." म्हातारी घरधन्याकडं न बघता बोलत होती. "हासत गेली वं. आन् माह्या वाहना घालून गेली. मार्कंड्याच्या जत्रेत घेतल्या व्हत्या म्या. नव्या."

भागीरथाबाईनं पदराची गाठ सोडून ती मूठ म्हातारीच्या हातावर ठेवली. इतवारीनं एक विडी काढून दाबून पाहिली, कानाशी फिरवली आणि खूश झाली.

"आन् वाहना?" म्हातारी म्हणाली.

"काय?"

"धाडून देतो म्हनली व्हती. नाई धाडल्या."

तेव्हा भागीरथाबाई हसली. गारुड्याच्या मुंगसाला न हसलेली बाई अंगणात बसून पदर तोंडावर धरून अशी हसली, की घरधनी घाबरून आत गेला. डोळे पुसून तिनं कनवटीचा विडीचा दोरा काढला. म्हातारीचा भेगाळलेला पाय मांडीवर घेतला, टाचेपासून अंगठ्यापर्यंत दोरा धरला आणि मापाला गाठ मारली.

"मी आनून देतो," ती म्हणाली. "आमच्या घरचं देनं हाय."

नदी त्या पंधरवड्यातच भरून आली आणि डोंगे बंद होऊन काठाला लागले. सावलीचा चांभार म्हणाला, धानाची रोवणी होऊ दे, मग बघू. गुणवंत माजरीला गेला नाही. इनायतभाईंनी नागपूरहून नवी कादंबरी आणली, या वेळी शेवटचं पान दुकानातच वाचून. खोक्यामागचा कोनाडा आता रिकामा आहे. त्याच्या वरच्या खिळ्याला एक गाठ मारलेला दोरा लोंबतो. कोणी नवखी कट्टा बांधायला तो ओढू लागली, की चंदा तिच्या हातावर चापट मारते.

"ठेव तिथीच. इतवारीबाईच्या वाहना हायेत थ्या."